सूर्यचंद्राचे सोळा खांब

चि. नंदू आणि चि. माधवी यांस,

नंदूचं पत्र आलं तेव्हा माझी ट्रंक भरून झाली होती. तिकडे परदेशात शाळेत बाईंनी त्याला उभं करून विचारलं की इंग्रजांनी तुमच्या देशाचं भलं केलं की वाईट, आणि त्याला काही बोलता आलं नाही. म्हणून त्याने मला लिहिलं, "आजी, तू दोन्ही राज्यं पाहिलीस, तूच सांग." मला वाटलं, यात अवघड काय आहे. मी वऱ्हाडात निघालेच होते. माझं लहानपण तिथे गेलं, आणि माझे वडील, म्हणजे तुमचे खापरपणजोबा नव्हेत, पणजोबाच, तिथे इंग्रज सरकारच्या जंगलखात्यात रेंजर होते. मी एक कोरी वही घेतली, प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली आणि डाव्या बाजूला 'भलं', उजव्या बाजूला 'वाईट' असं लिहिलं. तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे. वाण्याची यादीसुद्धा मी रेघ मारून करते.

परत येऊन आता काही महिने झाले. प्रवासात काय झालं ते सगळं क्रमाने लिहिते. उत्तर तुम्हाला सापडलं तर मला कळवा.

अकोला

अकोल्याला मी माझ्या धाकट्या भावाकडे उतरले. त्याला आम्ही बाळ म्हणतो. पंचावन्न वर्षांचा, नुकताच निवृत्त झालेला हेडमास्तर, पण बाळच. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात त्याचं बिऱ्हाड आहे. गल्ली इतकी अरुंद की समोरून सरकीची पोती लादलेला गाडा आला की माणसाने कोणाच्या तरी ओट्यावर चढायचं. ओट्यावरची बाई मग "बसा ना" म्हणते, आणि नुसतं चढून उतरणं बरं दिसत नाही. स्टेशनवरून केलेला टांगा गल्लीच्या तोंडाशी सोडून बाळच्या घरी चालत पोचायला मला दोन ओटे लागले.

बाळची गोष्ट आधी सांगायला हवी. सन तीसच्या जंगल सत्याग्रहात त्याने सरकारी रानातलं गवत कापलं आणि तुरुंगात गेला. रेंजरचा मुलगा जंगलाचा कायदा मोडून आत गेला, हे आमच्या बाबांना सोसलं नाही. ते शेवटपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. बाळही त्यांच्याकडे गेला नाही. दोघांमधले निरोप मी पुण्याहून पत्रांनी पोचवत असे.

वही पाहून तो म्हणाला, "ताई, डावी बाजू फाडून टाक. कागद वाचेल."

दुसऱ्या दिवशी त्याचे मित्र इंगळे गुरुजी आले. ते बाळच्याच शाळेत गणित शिकवत. चार वर्षांपूर्वी त्यांनी सहकुटुंब बौद्ध धर्म घेतला. त्यांच्या शेतावर त्या दिवशी रोडगे होते, तिथे ते आम्हाला घेऊन गेले. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला. तो फोडून, तुपात बुडवून, वांग्याच्या झणझणीत भाजीशी खायचा. भाजीवर सांबार घालू का, असं इंगळ्यांच्या पत्नीने विचारलं तेव्हा मी नको म्हणाले. पन्नास वर्षांत विसरूनच गेले होते की इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत जेवले. जेवताना मनात आलं की आपण अशा घरी आयुष्यात पहिल्यांदा जेवतो आहोत. ते मी तिथे कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

जेवणानंतर वाद सुरू झाला. बाळचं म्हणणं नेहमीचं: इथला कापूस नेला, तिकडे कापड केलं, ते आपल्यालाच विकलं, रेल्वे आणली ती कापसासाठी, रुळांखाली घालायला सागवान तोडलं आणि मग रानातल्या लोकांना सांगितलं की तुम्ही जंगल नासता.

"लुटलंच," इंगळे म्हणाले. "मी कुठं नाई म्हणून राहिलो? पण माह्या आज्याले गावच्या विहिरीवर चढू कोनं नाई देलं, बाळासाहेब? गोऱ्यानं?"

"तुम्ही विषय बदलता, इंगळे."

"मी नाई बदलत. तुमीच मले विषयाच्या बाहीर बसवता."

मग ते माझ्याकडे वळले. "ताई, तुमची वही काढा. मी शाळेत गेलो तं मास्तरनं मले व्हरांड्यात बसवलं. एक दिवस गोरा इन्स्पेक्टर आला. म्हणे, हा पोरगा बाहीर काहून? मास्तर घामाघूम. मले उचलून आत बसवलं, पयल्या रांगेत. गोरा मले पाहून हसला. मीबी हसलो. दुसऱ्या दिवशी गोरा गेला होता, अन मी पुन्हा व्हरांड्यात. आता सांगा, कोनत्या खान्यात टाकता?"

मी पेन्सिल या रकान्यावरून त्या रकान्यावर नेली. शेवटी रेघेवरच लिहिलं.

"बरोबर," इंगळे म्हणाले. "आमी तिथंच बसलो होतो."

बाळसुद्धा हसला. मग दोघं कुठल्याशा बदलीवरून भांडू लागले आणि इंग्रज मागे पडले.

अमरावती

अमरावतीला दोनच दिवस होते. कॅम्पातला आमचा बंगला आता सरकारी कचेरी आहे. जिथे आईचं तुळशीवृंदावन होतं तिथे सायकली लावतात. पहारेकऱ्याने मला आत जाऊ दिलं नाही, म्हणून मी कुंपणाबाहेरून पाहिलं. चिंच तेवढी होती.

मला इंग्रजी शिकवणाऱ्या मिशनच्या मिसबाई जवळच राहत. त्या काळात मुलीला शेक्सपिअर शिकवायचा तर दुसरं कोण होतं? त्यांच्यामुळे मी मॅट्रिक झाले, आणि तुमच्या बाबांचा अभ्यास घेऊ शकले, आणि म्हणूनच तो आज डॉक्टर होऊन तुमच्याबरोबर तिकडे आहे. ते मी 'भलं'मध्ये लिहिलं. लिहिताना आठवलं की त्यांना माझं नाव, 'अंबू', म्हणता येत नसे. त्या मला एमी म्हणत. खरं तर म्हणता येत होतं. त्यांच्या स्वयंपाक्याचं नाव अंबादास होतं आणि त्याला त्या बरोबर हाक मारत. सात वर्षं मी एमी नावाला 'येस मिस' म्हटलं. हे पलीकडे लिहावं तर मला त्या नावाचा तेव्हा अभिमान वाटत होता, हेही लिहायला हवं. त्याला रकाना नव्हता.

धारणीच्या पुढे

बाबा जिथे रेंजर होते त्या मेळघाटात यायला बाळ तयार नव्हता. "बाबांचं राज्य बघायला मी कशाला येऊ?" पण मी एकटी जाते म्हटल्यावर निघायच्या आदल्या दिवशी अमरावतीला हजर झाला, मफलर गुंडाळून. परतवाड्याहून बस घाट चढू लागली तशी गार हवा आली, आणि दोन्ही बाजूंना साग. सेमाडोहजवळ बसचं इंजिन तापलं. कंडक्टर म्हणाला, "उतरा बाप्पा सारे, गाडीले पाणी पाजतो." आम्ही उतरलो, आणि तेवढ्यात एका माकडाने खिडकीतून आमची संत्र्यांची करंडी पळवली. झाडावर बसून ते सोलून खात होतं, साली आमच्यावर टाकत. बाळ म्हणाला, "याला म्हणतात साम्राज्य."

मी मात्र झाडं पाहत होते. इतकी सरळ, इतकी जुनी झाडं मी पुण्याकडे पाहिली नाहीत. वऱ्हाडच्या सपाटीवर तर कापसाशिवाय काही उरलं नाही. हे रान उभं आहे ते बाबांसारख्यांनी रेघ आखून राखलं म्हणून. बाळलाही मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "कोणापासून राखलं?"

धारणीहून जीपने आम्ही ज्या गावी गेलो त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे रेंज ऑफिस आहे. रेंजर देशमुख, तिशीचा, वऱ्हाडातलाच तरुण. माझे वडील कोण हे कळल्यावर तो उठून उभा राहिला आणि कपाटातून एक जाड रजिस्टर काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवलं.

"आजी, आमी रोज या अक्षरावर चालतो."

बाबांचंच अक्षर. उजवीकडे किंचित झुकलेलं, टिंबं ठाम. राखीव जंगलाच्या सीमेवरची एकेक खूण त्यांनी क्रमांक घालून इंग्रजीत लिहिली होती. मी त्या टिंबांवरून बोट फिरवलं. बाळ खिडकीशी उभा होता, त्याने वळून पाहिलं नाही.

ऑफिसच्या पायरीवर एक म्हातारी कोरकू आदिवासी बाई बसली होती. देशमुख म्हणाला, "हे सुगनाबाई. दर बाजाराच्या दिवशी येते. तिचं काम होत नाई, तरी येते."

काय काम, मी विचारलं. तिने स्वतःच सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं वऱ्हाडीत. नवरा वारून वर्ष होत आलं होतं. कोरकूंमध्ये मेलेल्या माणसाचा सागवानी खांब कोरून कुळाच्या जागी, आधीच्या पितरांच्या खांबांशेजारी उभा करतात. तोवर तो पितरांत जात नाही. तिने खांब कोरून घेतला होता. आठ महिने तो घरात आडवा पडून होता, कारण कुळाची जागा राखीव जंगलाच्या सीमेवर, आणि गार्ड तिथे खांब उभा करू देत नव्हता.

"मेरा आदमी घर के आजूबाजूच फिरून राहिला," ती म्हणाली. "आत येत नाई, जात नाई. मी जेवते तं मले लाज वाटते."

"एक खांब उभा करू द्यायला काय हरकत आहे?" बाळने विचारलं.

देशमुखने रजिस्टरचं पान उलटलं. "गुरुजी, ते खांब सरकारी सीमाचिन्हं हायेत. एकेचाळीस ते छप्पन. सीमाचिन्ह हलवनं, नवं लावनं गुन्हा हाय."

"हे कोणी ठरवलं?"

देशमुखने रजिस्टर माझ्याकडे वळवलं.

मी चष्मा पुसून वाचलं. बाबांनी लिहिलं होतं, ते मराठीत सांगते: "जुने कोरीव लाकडी खांब, सोळा, एका ओळीत. माथ्यावर सूर्य व चंद्र, दख्खनमधील इनामाच्या दगडांवर असतात तसे. कोणत्या तरी जुन्या इनामाची ही सीमा, हे उघड आहे. सीमाचिन्हे म्हणून स्वीकारले."

तुम्हाला हे समजावून सांगायला हवं. आपल्याकडे पूर्वी राजाने कोणाला जमीन इनाम दिली की तिच्या सीमेवर दगड पुरत, आणि त्यावर सूर्य-चंद्र कोरत. जोवर ते आहेत तोवर हे दान अबाधित, असा अर्थ. आमच्या मूळ गावी तसा दगड होता. बाबा लहानपणी त्यावर बसून परवचा म्हणत. त्यामुळे मेळघाटात सूर्य-चंद्र दिसल्यावर त्यांना कोणाला काही विचारावंसं वाटलं नाही. विचारायला माणसं तिथेच होती, ओळीपासून हाकेच्या अंतरावर. कुठल्याही इंग्रज साहेबाने ते चंद्र-सूर्य पाहून ही चूक केली नसती. त्याला तो निव्वळ रानटी खांब वाटला असता. आपल्याच माणसाला त्यात आपला दगड दिसला.

बाळने रजिस्टर माझ्या हातून घेतलं, ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. आयुष्यभर तो म्हणत आला होता की ही रेघ गोऱ्यांची. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "ताई, हे तर आपलंच." त्याच्या आवाजात मला समाधान ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते खांब पाहायला गेलो. टेकाडावर मोहाखाली ओळ होती. घोड्यावर बसलेली माणसं, वर चंद्र-सूर्य, आणि प्रत्येकाच्या छातीवर डांबराने पांढऱ्या पट्टीत क्रमांक. सुगनाबाई एकेकाला हात लावून नाव सांगत होती: हा सासरा, हा चुलत सासरा, ही आजेसासू. मध्ये एक खड्डा होता. एकोणपन्नासचा खांब वाळवीने खाल्ला होता.

देशमुख मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजी, मी एक वाट काढली. पुढच्या महिन्यात तपासनी हाय, अन माह्या ओळीत एकोनपन्नास नाई. याच बाईचा खांब तिथं उभा करू, दुरुस्ती म्हनून. मले माहा खांब भेटते, तिले तिचा मानूस. कागद नाई, पत्तर नाई."

मला फार हायसं वाटलं, हे कबूल करते. कागद नाही म्हणजे बाबांचं अक्षर जसंच्या तसं राहणार होतं. सुगनाबाईला सांगितलं तर तिने मान डोलावली. जागा तिच्या आजेसासऱ्याचीच होती. तो मातीत मिळाला होता, नातवाला जागा द्यायला त्याची ना नव्हती. मग तिने विचारलं, "अन माह्या वेळेले?"

ओळीत दुसरा खड्डा नव्हता.

त्या दिवशी दुपारभर मी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसले होते. बाळ आला आणि म्हणाला, "पत्र लिही. तो खांब म्हणजे काय ते वरच्या साहेबांना कळव."

"म्हणजे बाबा चुकले असं लिहू?"

"चुकले की."

"तुझं काय जातं? तू त्यांच्याशी भांडूनच होतास."

त्याने पायरीलगतच्या गवताचं एक पातं तोडलं. "म्हणूनच मी लिहिलं तर सूड वाटेल. तू त्यांची लाडकी."

मी मराठीत लिहायला घेतलं. देशमुखने ते वाचलं आणि अवघडून म्हणाला, "आजी, बुरा मानू नका. हे लय दिवस पडून राहीन. इंग्रजीत लिवा, तं साहेब पयले वाचते."

"स्वराज्य येऊन तेरा वर्षं झाली," बाळ म्हणाला.

"होय ना गुरुजी. म्हनूनच सांगून राहिलो. आता सारेच इंग्रजीत लिवतात."

मग मी मिसबाईंनी शिकवलेल्या इंग्रजीत लिहिलं. त्या भाषेत वाक्यं सरळ येत होती, हे मला आवडलं आणि आवडलंही नाही. 'माझे वडील चुकले' या वाक्याशी येऊन पेन थांबलं. तीनदा दुसरं काही लिहिलं: गैरसमज झाला असावा, परिस्थिती वेगळी होती, हेतू शुद्ध होता. हे सगळं खरंच होतं. पण सुगनाबाईला त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं. शेवटी तीन शब्दांचं वाक्य लिहिलं आणि खाली सही केली, माहेरच्या नावासकट. बाळने ते वाचून घडी केली आणि स्वतः पाकिटात घातलं. आम्ही दोघांनी मिळून बाबांना लिहिलेलं ते एकच पत्र, आणि ते त्यांना नव्हतं.

खांब उभा झाला त्या दिवशी आम्ही गेलो होतो. ढोल होता, बासरी होती, कोंबडं होतं, मोहाची दारू होती. बाळने ती घेतली, मी नाही. कुटकी, म्हणजे वरीसारखं बारीक धान्य, तिचा भात पानावर वाढला. खांब खड्ड्यात उतरला तेव्हा सुगनाबाई रडली नाही; मातीवर पाय आपटून ती घट्ट करत होती, जशी आपण कुंडीतली माती दाबतो. सगळं झाल्यावर गार्ड डांबराचा डबा घेऊन आला आणि घोडेस्वाराच्या छातीवर ४९ लिहिलं. मला ते पाहवेना. तिने मला विचारलं, काय लिहिलं?

"नंबर," मी म्हणाले. "सरकारचा."

"म्हंजे आता याले कोनी उपटत नाई?"

"नाही. गुन्हा आहे."

तिने मान हलवली. डांबर वाळेपर्यंत ती माश्या हाकलत त्याच्याजवळ बसून राहिली.

पुण्याला

दोन महिन्यांनी वरच्या कार्यालयाचं उत्तर आलं, इंग्रजीत, टाइप केलेलं, अत्यंत सभ्य. माझ्या वडिलांच्या सेवेचा गौरवाने उल्लेख होता. सीमारेषेत बदल करता येणार नाही. मात्र सदर कुटुंबांनी यापुढे उभारलेले खांब पूरक सीमाचिन्हे म्हणून स्वीकारण्यास हरकत नाही, प्रत्येकास क्रमांक देऊन रजिस्टरमध्ये नोंद व्हावी. बाबांची चूक त्यांनी मान्य केली नाही. तिला फक्त पुढचे आकडे दिले.

बाळला मी नक्कल पाठवली. त्याने उलट टपाली लिहिलं, "जिंकलो की हरलो ते कळव." मी अजून कळवलेलं नाही.

देशमुखचंही पत्र आलं. त्याने साहेबांचं उत्तर सुगनाबाईला बाजाराच्या दिवशी पायरीवर बसवून वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आपला नंबर कोणता, तेवढं विचारलं. ओळ छप्पनला संपते आणि सत्तावन्न नंबर पलीकडच्या दगडाला दिलेला आहे, म्हणून त्याने रजिस्टरमध्ये बाबांच्या शेवटच्या ओळीखाली तिच्यासाठी जागा धरून ठेवली: छप्पन-अ. ते तिने दोनदा म्हणून पाठ केलं, आणि समाधानाने घरी गेली.